ओझ्याची बेरीज

न्यूयॉर्क राज्यात एखाद्या सरकारी यंत्रणेला प्रकल्पाला मंजुरी, परवाना किंवा निधी द्यायचा असेल, तर त्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे तिला आधी तपासावे लागते. हे बंधन १९७५ च्या राज्य पर्यावरणीय गुणवत्ता आढावा कायद्याने घातले. मात्र ज्या वस्तीत प्रकल्प येऊ घातला आहे तिच्या वाट्याला आधीच काय काय आले आहे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे, असे तो कायदा पुढची जवळजवळ पन्नास वर्षे म्हणत नव्हता. ३१ डिसेंबर २०२२ रोजी गव्हर्नर कॅथी होकल यांनी सही केलेल्या सुधारणेने तो प्रश्न सक्तीचा केला. वंचित ठरलेल्या वस्तीवर प्रदूषणाचे प्रमाणाबाहेर ओझे पडेल का, किंवा असलेले ओझे वाढेल का, हे पाहणे ३० डिसेंबर २०२४ पासून बंधनकारक झाले. त्याला अनुसरून आढाव्याची नियमावली बदलण्याचा मसुदा राज्याच्या पर्यावरण संरक्षण विभागाने २०२५ च्या सुरुवातीला पुढे ठेवला. या बदलावर चार मुख्य आक्षेप आहेत: प्रदूषणाची मानके आधीच आहेत, मग आणखी नियम कशाला, यामुळे घरे आणि कामे रखडतील, गरीब वस्त्यांतल्या नोकऱ्या जातील, आणि साचलेले ओझे मोजायचे तरी कसे. यातला एकही आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण प्रत्येकाची छाननी केली की एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे येते. जो आढावा फक्त प्रकल्प बघतो आणि वस्ती बघत नाही, तो अन्याय रोखू शकत नाही, कारण हा अन्याय कोणत्याही एका प्रकल्पात सापडतच नाही. तो बेरजेत असतो.

पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे. हवेची आणि पाण्याची मानके सर्वांना सारखी आहेत. ती पाळणाऱ्या प्रकल्पाला तो अमुक वस्तीत आहे म्हणून का अडवायचे, असे विचारले जाते. २००१ मध्ये न्यूयॉर्क शहरात काय घडले ते पाहू. उन्हाळ्यात वीज कमी पडेल या भीतीने राज्याच्या वीज प्राधिकरणाने शहरात सहा ठिकाणी वायूवर चालणारी दहा लहान टर्बाइन बसवली. त्या काळी ८० मेगावॅट किंवा त्याहून मोठ्या वीजकेंद्राला जागानिश्चितीच्या कडक तपासणीतून जावे लागे. जिथे दोन टर्बाइन होती, तिथली क्षमता ७९.९ मेगावॅटवर रोखण्यात आली. यातली दोन ठिकाणे, म्हणजे चार टर्बाइन, साउथ ब्रॉंक्समधल्या पोर्ट मॉरिस या एकाच भागात होती. कागदावर ती दोन वेगळी आणि दोन्ही मर्यादेच्या आतली केंद्रे होती. तिथे राहणाऱ्याच्या फुफ्फुसात मात्र दोन्हींचा धूर एकत्रच जात होता. परिणाम लक्षणीय नाही, असा निष्कर्ष काढून प्राधिकरणाने सविस्तर परिणाम अहवालही टाळला होता. ब्रुकलिनच्या सनसेट पार्कमधली ‘अपरोज’ ही संघटना आणि इतर रहिवासी न्यायालयात गेले, तेव्हा अपिलीय न्यायालयाने हा निष्कर्ष रद्द केला. २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक धूलिकणांच्या परिणामाचा प्राधिकरणाने पुरेसा कसून विचारच केलेला नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि परिणाम अहवाल करायला लावला. तोवर टर्बाइन बसून झाली होती. मानके पाळली तर इजा होत नाही, हे गृहीतक इथे दोन्ही अंगांनी कोसळते. उत्सर्जनाचे मानक एकेका स्रोताला लागू होते, श्वास मात्र सगळ्या स्रोतांचा मिळून घ्यावा लागतो. आणि मानक आज ज्याबद्दल गप्प आहे, ते उद्या घातक ठरू शकते.

तरीही कोणी म्हणेल की न्यायालयाने चूक दुरुस्त केली, म्हणजे जुना कायदा पुरेसा होता. तसे नाही. त्याच पोर्ट मॉरिसमध्ये, हार्लेम नदीकाठच्या राज्याच्या मालकीच्या जमिनीवर, ‘फ्रेशडायरेक्ट’ या घरपोच किराणा पुरवणाऱ्या कंपनीचे गोदाम आणण्याचे २०१२ मध्ये ठरले. गोदाम म्हणजे मालमोटारींची सततची ये-जा. जमिनीचा मूळ परिणाम अहवाल १९९३ चा होता. मधल्या काळात हा परिसर आणि तिथली रहदारी बदलली आहे, तेव्हा अहवाल नव्याने करा, अशी रहिवाशांची मागणी होती. शहराच्या औद्योगिक विकास संस्थेने पुरवणी अहवालाची गरज नाही असे ठरवले, आणि २०१४ मध्ये अपिलीय न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. २०१८ मध्ये गोदाम सुरू झाले. इथे दोष न्यायालयाला देता येत नाही, कारण न्यायालय यंत्रणेचा विवेक तपासते आणि तोही कायद्याने विचारलेल्या प्रश्नांपुरताच. वस्तीवर आधीच किती भार आहे हा प्रश्न कायद्यानेच विचारला नव्हता, तर त्याचे उत्तर न देणारी यंत्रणा कायद्याच्या दृष्टीने चुकत नव्हती. ज्या वस्तीत दम्याचे प्रमाण इतके आहे की तिला ‘अस्थमा ॲली’ (दम्याची गल्ली) असे नाव पडले, तिला न्याय मिळणे दर खेपेस वकिलांच्या कौशल्यावर आणि न्यायाधीशांच्या दृष्टीवर अवलंबून ठेवणे म्हणजे नियम नसल्यातच जमा आहे.

अशा वस्त्यांवर ओझे योगायोगाने साचत नाही. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज यंत्रणेच्या नकाशांवर कृष्णवर्णीय आणि स्थलांतरित वस्त्या लाल रंगात दाखवल्या गेल्या. कर्ज आटले, जमिनी स्वस्त झाल्या. पुढे शहरातल्या सार्वजनिक बांधकामांचे सूत्रधार रॉबर्ट मोझेस यांच्या काळात क्रॉस ब्रॉंक्ससारखे महामार्ग याच भागातून काढले गेले. महामार्ग आले म्हणून गोदामे आणि कचरा हस्तांतरण केंद्रे आली, ती आली म्हणून भाग ‘औद्योगिक’ ठरला, आणि औद्योगिक ठरला म्हणून पुढचा प्रकल्पही तिथेच साजेसा वाटू लागला. जुन्या आढाव्याने या चक्राला नकळत बळच दिले. प्रकल्पाने आजच्या स्थितीत किती भर पडते एवढेच मोजले, तर रोज हजारो मालमोटारी जाणाऱ्या रस्त्यावर आणखी शेकडो गाड्या ‘नगण्य’ ठरतात, आणि त्याच गाड्या शांत उपनगरात ‘लक्षणीय’ ठरतात. आधीचे नुकसान जितके मोठे, तितके नवे नुकसान टक्केवारीत लहान दिसते. दुष्काळात तेरावा महिना आला तर तो इतर महिन्यांसारखाच एक महिना आहे, असे म्हणण्यासारखे हे गणित आहे.

दुसरा आक्षेप घरांचा. न्यूयॉर्कमध्ये घरांची टंचाई भीषण आहे आणि पर्यावरणीय आढाव्याचा वापर घरे अडवण्यासाठी झाला आहे, हे खरे आहे. पण त्याचा राग वंचित वस्त्यांच्या संरक्षणावर काढणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. आढाव्याची ढाल करून नवी घरे रोखण्याची ताकद मुख्यतः सधन वस्त्यांकडे असते, कारण वकील आणि वेळ दोन्ही त्यांच्यापाशी असतात. शिवाय घरे लवकर होण्यासाठी साचलेल्या प्रदूषणाचा प्रश्न गाळावा लागत नाही. न्यूयॉर्क शहराने जून २०२४ पासून ठरावीक अटी पाळणाऱ्या, दाट वस्तीच्या भागात २५० पेक्षा कमी घरांच्या इमारतींना या आढाव्यातून वगळले आहे, आणि त्या अटींत इमारत विजेवर तापवण्याची अटही आहे. म्हणजे ज्याने धूर वाढत नाही ते झटपट मोकळे करता येते आणि ज्याने वाढतो त्याच्याकडे नीट बघता येते. घर आणि कचरा केंद्र यांना एकाच रांगेत उभे करणारा नियम दोघांवरही अन्याय करतो. नवी नियमावली ही रांग वेगळी करू शकते, आणि तिने ती केलीच पाहिजे.

तिसरा आक्षेप रोजगाराचा. कारखाना किंवा गोदाम आले तर स्थानिकांना काम मिळते, आणि कडक नियमांमुळे गुंतवणूक पळून जाईल, असे म्हटले जाते. गरिबांना रोजगार हवा आहे, यात शंका नाही. पण नोकरी आणि फुफ्फुस यांपैकी एक निवडा, असे सधन वस्तीला कधी सांगितले जात नाही. ती निवड फक्त गरिबांपुढे ठेवली जाते. कायदा सरसकट बंदीही घालत नाही. वस्तीची अत्यावश्यक पर्यावरणीय, आरोग्याची किंवा सुरक्षिततेची गरज भागवणाऱ्या आणि वाजवी पर्याय नसलेल्या नव्या प्रकल्पाला परवान्याची वाट त्याने मोकळी ठेवली आहे. आणि ओझे कमी केल्याने शहर ठप्प होत नाही, हेही दिसले आहे. न्यूयॉर्क शहराने २०१८ च्या स्थानिक कायद्याने उत्तर ब्रुकलिन, साउथ ब्रॉंक्स आणि आग्नेय क्वीन्समधल्या खासगी कचरा हस्तांतरण केंद्रांची परवानगी असलेली क्षमता कमी केली, उत्तर ब्रुकलिनमध्ये तर निम्म्याने. शहराचा कचरा त्यानंतरही उचलला जातोच आहे.

उरला मोजमापाचा आक्षेप. ‘वंचित’ कोण आणि ‘प्रमाणाबाहेर’ म्हणजे किती, हे सगळे धूसर आहे, असे टीकाकार म्हणतात. वंचित कोण, याचे उत्तर राज्याने दिले आहे. २०१९ च्या हवामान कायद्यानुसार नेमलेल्या गटाने मार्च २०२३ मध्ये निकष पक्के केले: प्रदूषण, हवामानाचा धोका, उत्पन्न, आरोग्य, घरांची स्थिती, वंश अशा ४५ निर्देशांकांवरून राज्यातले सुमारे ३५ टक्के जनगणना विभाग वंचित ठरले. यात ग्रामीण भागही आहेत, आणि कोणताही एक निर्देशांक एकट्याने निकाल लावत नाही. म्हणून हा फक्त वंशाचा कायदा आहे हा आरोप टिकत नाही. साचलेले प्रदूषण अंकात बसवता येते, हे तर आपल्याकडे भारतातही सिद्ध झाले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या ८८ औद्योगिक समूहांसाठी हवा, पाणी आणि जमीन यांचा एकत्रित निर्देशांक काढला; ८३.८८ गुणांसह चंद्रपूर देशात चौथे आले. सत्तरच्या वर गेलेल्या ४३ ठिकाणी जानेवारी २०१० मध्ये नव्या प्रकल्पांना स्थगिती मिळाली. पुढे कृती-आराखड्यांच्या आधारे अनेक ठिकाणची स्थगिती उठत गेली. यातून घ्यायचा धडा न्यूयॉर्कसाठीही महत्त्वाचा आहे: बेरीज करणे अवघड नाही, बेरजेचा निकाल मान्य करणे अवघड आहे.

म्हणून नुसता नवा रकाना भरून घेणारी नियमावली पुरणार नाही. ‘नगण्य भर’ म्हणजे किती हे शब्दांवर न सोडता ती आकड्यांत बांधली गेली पाहिजे, आणि तो आकडा वस्तीच्या एकूण भाराच्या संदर्भात ठरला पाहिजे. शेजारशेजारच्या, एकाच प्रवर्तकाच्या किंवा एकाच वेळी येणाऱ्या प्रकल्पांची एकत्र गणना सक्तीची हवी, म्हणजे ७९.९ चा मार्ग बंद होईल. परिणाम अहवालाला मुदत हवी, म्हणजे एका पिढीपूर्वीच्या कागदावर नवे गोदाम उभे राहणार नाही. सुनावणी रहिवाशांच्या भाषेत आणि त्यांच्या कामाच्या वेळा सांभाळून झाली पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे, आढाव्याच्या शेवटी ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार प्रत्यक्षात वापरला गेला पाहिजे. शेजारच्या न्यू जर्सीने सप्टेंबर २०२० च्या कायद्याने हे पाऊल आधीच उचलले: भाराने वाकलेल्या वस्तीत ठरावीक प्रकारचा नवा प्रकल्प असमान परिणाम करणार असेल, तर लोकहिताचे प्रबळ कारण नसल्यास परवाना नाकारणे तिथे बंधनकारक आहे.

या राज्यांवरची जबाबदारी आता वाढली आहे. पर्यावरणीय न्यायाबद्दलचा १९९४ चा संघीय आदेश जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने संघीय पर्यावरणीय आढाव्याची कक्षा आणखी आवळली. वॉशिंग्टनचे दार बंद होत असताना पोर्ट मॉरिसच्या रहिवाशाला दाद मागण्याची जागा राज्याच्या नियमावलीतच उरते. समान कायदा म्हणजे सगळ्यांना एकच फूटपट्टी, एवढाच अर्थ घेतला तर आधीच वाकलेल्या पाठीवर आणखी एक गोणी ठेवणेही समान ठरेल. समानतेचा खरा अर्थ असा की एका शहराची वीज, कचरा आणि किराणा यांची किंमत त्या शहरातल्या सर्वांनी वाटून घ्यावी. ती वाटणी करायची तर आधी कोणी किती उचलले आहे हे मोजावे लागेल, आणि जिथे मर्यादा संपली आहे तिथे थांबावे लागेल. न्यूयॉर्कच्या सुधारित नियमावलीचे मूल्यमापन तिने किती अर्ज तपासले यावर होऊ नये. तिने किती वेळा थांबवले आणि त्यामुळे कोणाचे ओझे हलके झाले, यावरच व्हावे.