अवयवदान : घरात बोलावयाची गोष्ट

दानाची थोरवी मराठी माणसाला नव्याने शिकवावी लागत नाही. अन्नदान, विद्यादान, श्रमदान हे शब्द आपण प्राथमिक शाळेतच शिकतो. आणि दारी आलेल्या वासुदेवाला रिक्तहस्ते परत पाठवू नये, हे तर त्याही आधी घरात पाहून शिकतो. या जुन्या मालिकेत वैद्यकशास्त्राने गेल्या शतकात एका नव्या दानाची भर घातली. ते म्हणजे मरणोत्तर नेत्रदान व अवयवदान. या दानाची प्रशंसा आज सर्वत्र ऐकू येते. त्यावर भाषणे होतात, निबंधस्पर्धा होतात. परंतु प्रशंसा करणारे पुष्कळ आणि प्रत्यक्ष देणारे विरळा, असे का व्हावे? या प्रश्नाचा यथामति विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

२ फेब्रुवारी २०२१ रोजी आमच्या या हैदराबाद नगरीत एक अपूर्व घटना घडली. नागोलहून निघालेली मेट्रो गाडी मधल्या एकाही स्थानकावर न थांबता सुमारे एकवीस किलोमीटर धावली आणि अर्ध्या तासाच्या आत ज्युबिली हिल्स येथे पोहोचली. गाडीत डॉक्टर होते आणि त्यांच्याजवळ एक पेटी होती. त्या पेटीत एका शेतकऱ्याचे हृदय होते. शरीराबाहेर काढलेले हृदय साधारणतः चार तासांच्या आत दुसऱ्या शरीरात बसवावे लागते. म्हणून ही धावपळ. जानेवारी २०२५ मध्येही अशीच एक गाडी तेरा किलोमीटर अंतर तेरा मिनिटांत तोडून गेली. वृत्तपत्रांनी त्या वेगाचे कौतुक केले, आणि ते योग्यच होते. पण त्या दिवशी वेगापेक्षाही अवघड असे काही घडून गेले होते. रुग्णालयाच्या एका कोपऱ्यात डॉक्टरांनी शोकाकुल कुटुंबाला एक प्रश्न विचारला होता आणि त्या कुटुंबाने ‘होय’ म्हटले होते. त्या होकारावाचून गाडी जागची हललीही नसती.

अवयवरोपणाची विद्या फार जुनी नाही. डोळ्याच्या पारदर्शक पटलाचे यशस्वी रोपण १९०५ साली झाले. मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी रोपण १९५४ साली अमेरिकेत बोस्टन येथे जुळ्या भावांमध्ये झाले. ते करणाऱ्या डॉ. जोसेफ मरे यांना पुढे १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९६७ च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे डॉ. ख्रिस्तिआन बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे पहिले रोपण केले. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत, १९६८ च्या फेब्रुवारीत, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तोच प्रयोग करून पाहिला. रुग्ण वाचला नाही. पण प्रयत्नाची वाट मोकळी झाली. १९९४ साली दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून हे कार्य आपल्या देशात प्रथम यशस्वी झाले.

त्याच वर्षी भारत सरकारने मानवी अवयवांच्या रोपणाचा कायदा केला आणि मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू हा मृत्यूच होय, हे मान्य केले. ही कल्पना नीट समजून घेतली पाहिजे. अपघातात अथवा मेंदूतील रक्तस्रावाने मस्तिष्कस्तंभ कायमचा निकामी झाला की मनुष्य पुन्हा स्वतःहून श्वास घेऊ शकत नाही. यंत्राच्या साहाय्याने छाती हलत असते, हृदय काही काळ चालते, अंग उबदार लागते. परंतु तो जीव परत येत नाही. याची खात्री चार डॉक्टरांच्या मंडळाने करावयाची असते, आणि तीही एकदा नव्हे, निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा. रोपण करणारे डॉक्टर या मंडळात असू शकत नाहीत. ‘डॉक्टर घाई करतील’ ही जी भीती लोकांच्या मनात असते, तिच्यावर कायद्याने हा बंदोबस्त केलेला आहे. अवयवांच्या खरेदी-विक्रीला तर कारावासाची शिक्षा आहे.

अशा एका दात्यापासून हृदय, दोन फुप्फुसे, यकृत, दोन मूत्रपिंडे, स्वादुपिंड व आतडी मिळू शकतात. म्हणजे आठ जणांपर्यंत नवे आयुष्य देता येते. डोळ्यांचे दान तर याहून सुलभ आहे. त्याला मस्तिष्कमृत्यूची अट नाही. मृत्यू घरी झाला तरी चालतो. चष्मा असो, मोतीबिंदू काढलेला असो, वय कितीही असो. सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळविले म्हणजे झाले. तोवर पंखा बंद करावा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा आणि डोक्याखाली उशी द्यावी. नेत्रपेढीचे लोक घरी येतात, थोड्याच वेळात आपले काम आटोपतात, आणि चेहरा विद्रूप होत नाही.

इतके सुलभ असूनही स्थिती काय आहे? २०२३ साली आपल्या देशात मरणोत्तर अवयवदात्यांची संख्या प्रथमच एक हजाराच्या वर गेली. आणि आदल्याच वर्षी, २०२२ साली, केवळ रस्त्यांवरील अपघातांत एक लाख अडुसष्ट हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. स्पेन देशात दर दहा लाख लोकांमागे पन्नासाच्या घरात दाते मिळतात. आपल्याकडे पुरता एकही मिळत नाही. तेलंगणात ‘जीवनदान’ ही शासकीय योजना २०१३ पासून चालू असल्याने आमच्या राज्याची स्थिती बरीच बरी आहे. तथापि ती पुरेशी आहे, असे कोणी म्हणणार नाही.

ही उणीव शेवटी कोण भरून काढते? जिवंत माणसे, आणि त्यांतही बहुशः स्त्रिया. आमच्या वर्गातील एका मित्राच्या वडिलांची मूत्रपिंडे निकामी झाली. दोन वर्षे आठवड्यातून तीनदा त्यांचे रक्त यंत्राने शुद्ध करावे लागे. मृत दात्याच्या प्रतीक्षायादीत नाव होते. पाळी आली नाही. अखेर मित्राच्या आईने आपले एक मूत्रपिंड दिले. आज दोघेही सुखरूप आहेत. त्या माउलीच्या त्यागापुढे आम्ही नतमस्तक आहोत; पण ज्या समाजात दररोज कितीतरी निरोगी अवयव मातीत जातात वा अग्नीत भस्म होतात, त्या समाजाने एका आईवर ही पाळी का आणावी, हा विचार मनाला टोचत राहतो.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही वर्गमित्रांनी असे ठरविले की, प्रत्येकाने आपल्या घरी हा विषय काढावयाचा. सुटीनंतर एकमेकांचे अनुभव ऐकले, तेव्हा बहुतेकांची कथा एकच होती. ‘सणासुदीचे अभद्र बोलू नकोस’, ‘शुभ बोल रे नाऱ्या’, ‘डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा होशील’, अशी उत्तरे मिळाली होती. या उत्तरांना आम्ही हसलो नाही. ती प्रेमापोटी आलेली होती. आपल्या माणसाच्या मरणाची कल्पनाही सहन होत नाही, म्हणून माणसे ती तोंडातून बाहेर पडू देत नाहीत.

परंतु न बोलण्याची किंमत काय पडते, तेही आम्ही पाहिले आहे. आमच्याच गल्लीत एक सेवानिवृत्त गृहस्थ होते. अत्यंत नेमस्त व परोपकारी. ते गेले तेव्हा सारी गल्ली हळहळली. तेराव्यानंतर मुलगा निवृत्तिवेतनाची कागदपत्रे पाहू लागला, तेव्हा त्यांत नेत्रदानाचे जुने कार्ड निघाले. वडिलांनी कित्येक वर्षांपूर्वी सही करून ते जपून ठेवले होते. घरात मात्र कोणाला ठाऊक नव्हते. ‘बाबांची एक साधी इच्छा आम्ही पुरी केली नाही’, असे तो मुलगा आजही म्हणतो. त्यात त्याचा काय दोष?

याउलट एका मित्राच्या आजीची गोष्ट. सुटीत त्याने प्रश्न विचारताच ती म्हणाली, “अरे, माझे मोतीबिंदू काढलेले डोळे कोणाच्या काय कामाचे?” चालतात, असे कळल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग सर्वांना बसवून म्हणाली, “तर मग ऐकून ठेवा. त्या दिवशी रडायला पुष्कळ वेळ मिळेल. आधी निरोप धाडा.” मार्गशीर्षात आजी गेली. घरात रडारड सुरू झाली, माणसे जमू लागली. दोन तास असेच गेले. तेवढ्यात नातवाला आजीचे शब्द आठवले. त्याने वडिलांना हळूच सांगितले, आणि वडिलांनी नेत्रपेढीला फोन केला. कार्ड कोठे आहे, हे शोधण्याची कोणाला आवश्यकताच भासली नाही.

या दोन घटनांवरून आमचे असे मत झाले आहे की, नाव नोंदविणे आवश्यक आहे, पण ते अर्धेच काम होय. नोंद केलेली असली तरी प्रत्यक्षात नातेवाइकांच्या संमतीवाचून डॉक्टर पुढे पाऊल टाकीत नाहीत, आणि तेच उचित आहे. मग त्या भयंकर क्षणी पत्नीने वा पुत्राने निर्णय कशाच्या आधारे घ्यावा? ‘त्यांना काय आवडले असते?’ हा प्रश्न अनुत्तरित असेल तर बहुतेक माणसे ‘नको’ म्हणतात. नोंद करून घरात सांगून ठेवणारा मनुष्य आपल्या माणसांवरचे हे ओझे आधीच उतरवून ठेवतो.

या विषयावर बोलताना दधीची ऋषींचे उदाहरण नेहमी दिले जाते. वृत्रासुराच्या वधासाठी त्यांनी आपल्या अस्थी देवांना दिल्या. उदाहरण थोर आहे. मात्र त्याने एक गैरसमज होतो. अवयवदान हे ऋषिमुनींचे काम, सामान्यांचे नव्हे, असे वाटू लागते. वस्तुतः दधीचींनी प्राण दिले. आपल्याकडे प्राण कोणी मागत नाही. प्राण गेल्यावर जे निरुपयोगी होणार, तेवढेच मागितले जाते. मेट्रोतून ज्याचे हृदय गेले तो शेतकरी होता, आणि होकार देणारे त्याचे आप्त तुमच्या-आमच्यासारखेच संसारी होते.

आम्ही विद्यार्थी अद्याप अठरा वर्षांचे नाही. त्यामुळे स्वतःच्या नावाची नोंद आम्हांला करता येत नाही. परंतु घरात प्रश्न विचारण्यास वयाची अट नाही. वडील मंडळींना आमची नम्र विनंती आहे की, राष्ट्रीय संस्थेकडे अथवा ‘जीवनदान’कडे आपले नाव नोंदवावे आणि त्याच दिवशी रात्रीच्या जेवणाच्या वेळी ते सर्वांना सांगावे. आणि आमच्या बालमित्रांना सांगणे एवढेच की, आजी-आजोबांनी काही सांगितले तर ते लक्षात ठेवा. कदाचित त्या दिवशी घरात ते आठवणारे तुम्ही एकटेच असाल.