विदर्भाचा ‘अनुशेष’ कुणी मोजला? भंडाऱ्यासाठी त्याचा अर्थ काय?

‘अनुशेष’ हा शब्द विदर्भात प्रत्येक निवडणुकीत ऐकू येतो. तो जिल्हावार मोजला अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने.

त्याआधी १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतून दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी देशातली गरिबी मोजली होती. प्रश्न साधा होता: माणशी रोज २,२५० उष्मांक मिळायला किती खर्च येतो? १९६०-६१च्या किमतींनुसार खेड्यात महिन्याला साधारण १५ रुपये, शहरात २२.५०. खेड्यातली सुमारे ४० टक्के माणसं या रेषेखाली होती.

१९८३च्या समितीने मात्र घर नव्हे, जिल्हा मोजला. सिंचन, रस्ते, आरोग्य, शिक्षण यांत राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा जितका मागे, तितका त्याचा अनुशेष. तेव्हा गोंदियाही भंडाऱ्यातच होतं.

अडचण इथेच आहे. सरासरी जिल्ह्याची असते, चूल घराची. गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि काम अनेक दशकं चाललं. कालवा झाल्याची नोंद होते. पण शेवटच्या बांधीतल्या धानाला पाणी मिळालं का, हे अनुशेषाच्या आकड्यात दिसत नाही.

म्हणून अनुशेष भरल्याचा दावा ऐकला, की दांडेकरांचाच जुना प्रश्न विचारावा: घरात किती पोहोचलं?