भेट द्यायची, तर आधी विचारा

दिवाळीच्या आधी पंधरा-वीस दिवस अनेक घरांत भेटींची यादी होते. व्याही, शेजारी, मुलांच्या शिकवणीच्या बाई, ऑफिसातले दोघे-तिघे, नेहमीचे डॉक्टर. या यादीत नावापुढे सहसा वस्तू लिहिली जात नाही, रक्कम लिहिली जाते. अमक्यांना पाचशेपर्यंत, तमक्यांना हजारापर्यंत. गेल्या वर्षी त्यांच्याकडून काय आलं होतं, त्यावरून हा आकडा ठरतो. मग त्या आकड्यात बसणारे सुक्या मेव्याचे डबे, मेणबत्त्यांचे संच, काचेचे बाऊल एकगठ्ठा घेतले जातात. मिळालेला डबा न उघडताच पुढच्या घरी जातो आणि याचं आता कुणाला नवलही वाटत नाही. चूक इथे खर्चात नाही, पहिल्या प्रश्नात आहे. ‘किती रुपयांपर्यंत द्यायचं?’ इथून सुरुवात केली की घेणारा माणूस विचारातून निसटतो. ‘यांना काय लागतं?’ हा प्रश्न आधी यायला हवा, आणि त्याचं उत्तर आपणच मनाशी ठरवण्यापेक्षा शक्य तिथे त्या माणसालाच विचारून घ्यावं.

भेटीतल्या या तुटीचा हिशेब अर्थशास्त्रज्ञांनीही मांडून पाहिला आहे. अमेरिकेतले जोएल वाल्डफोगेल यांनी १९९३ साली विद्यार्थ्यांना विचारलं, की नाताळात मिळालेल्या वस्तू तुम्ही स्वतः विकत घेतल्या असत्या, तर त्यांच्यासाठी किती पैसे मोजले असते? उत्तरांवरून दिसलं, की देणाऱ्याने खर्च केलेल्या रकमेपैकी एक दशांश ते एक तृतीयांश इतकी किंमत वाटेतच विरून जाते. मित्रांच्या आणि जवळच्यांच्या भेटींत ही गळती कमी होती, दूरच्या किंवा वयाने बऱ्याच मोठ्या नातेवाइकांच्या भेटींत जास्त. त्यांच्यावर टीकाही झाली. पुढे इतर अभ्यासकांनी अशीच पाहणी केली, तेव्हा घेणाऱ्यांनी भेटींचं मोल बाजारभावाहून जास्त सांगितलं. म्हणून तो एक तृतीयांशाचा आकडा दगडावरची रेघ मानू नये. पण ओळख जितकी जवळची तितकी भेट नेमकी, हे निरीक्षण आपल्यालाही रोज पटण्यासारखं आहे. दुसरा अभ्यास फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अ‍ॅडम्स यांचा, २००९ मधला. महाग वस्तू दिली की समोरच्याला जास्त आनंद होईल, असं देणाऱ्यांना वाटत होतं. घेणाऱ्यांच्या आनंदाचा मात्र किमतीशी तसा संबंध दिसला नाही. म्हणजे यादीतला रकमेचा रकाना प्रत्यक्षात देणाऱ्याच्याच मनाचं समाधान करतो.

यावर पहिला आक्षेप अपेक्षित आहे: हे सगळं परदेशातलं, आपल्याकडे विचारून देण्याची पद्धत नाही. मला हे मान्य नाही. भाऊबीजेला कितीतरी बहिणी भावाला हक्काने सांगतात, ‘या वर्षी साडी नको, कुकर घे.’ त्यात कुणाला व्यवहार दिसत नाही. उलट असं सांगता येणं हीच जवळीक मानली जाते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला जे वाण लुटलं जातं, त्याचा मूळ दंडकही वस्तू लहान असावी आणि घरात वापरली जावी, इतकाच आहे. चहाची गाळणी, स्टीलची वाटी, कापडी पिशवी. गाळणी दिली म्हणून कुणाचा मान कमी होत नाही. आता वाणाचीही घाऊक खरेदी होते आणि एकसारखे प्लॅस्टिकचे डबे घरोघर साठतात, हे खरं आहे. पण त्यामुळे परंपरा नाकारण्याचं कारण नाही, तिचा मूळ दंडक पुन्हा लावून धरण्याचं आहे. लग्नपत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापायची पाळी का आली, याचाही विचार करावा. आहेराच्या वहीत नोंद, त्या नोंदीप्रमाणे परतफेड आणि पेटीत साठलेले ब्लाउजपीस यांना कंटाळलेल्या लोकांनीच तो मार्ग काढला.

याहून गंभीर आक्षेप दुसरा आहे. घेणाऱ्याची इच्छा विचारायची सवय लागली, तर इच्छेची मागणी व्हायला किती वेळ लागणार? पहिल्या दिवाळसणाला जावयाने काय हवं ते सांगायचं आणि मुलीच्या बापाने कर्ज काढून ते पुरवायचं, हा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला, तरी सणाच्या भेटीच्या नावाखाली ही वसुली चालूच राहिली. म्हणून मर्यादा स्पष्ट असली पाहिजे. विचारणं हा देणाऱ्याचा अधिकार, आणि ‘एवढं जमेल, तेवढं जमणार नाही’ असं सांगण्याची मोकळीकही त्याचीच. जिथे नाही म्हणण्याची सोय नाही, तिथे भेट उरत नाही. अशा घरात प्रश्न भेटीच्या निवडीचा नसतोच, तिथे नकारच द्यायला हवा.

तिसरी अडचण व्यवहारातली. ‘काय देऊ?’ असं थेट विचारलं, की आपल्याकडे दहातले नऊ जण ‘काही नको हो’ म्हणतात. वडीलधारे तर हमखास. पण विचारण्याच्या रीती अनेक आहेत. फोनवर सहज ‘मिक्सर नीट चालतोय का?’, ‘रात्री वाचायला दिवा पुरतो का?’ असं विचारलं तर उत्तर मिळतं. आई-वडील एकटे राहत असतील तर त्यांच्या गरजा दुकानाच्या काचेत मांडलेल्या नसतात: न्हाणीघरात धरायला दांडा, घसरू न देणारी चटई, मोठ्या अक्षरांचा फोन, इलेक्ट्रिशियनला बोलावून ओट्यावर नीट उजेड पाडून देणं. यातली बरीच कामं हजार-दोन हजारांत होतात आणि पुढची पाच वर्षं रोज उपयोगी पडतात. परदेशातल्या मुलांना फराळाचं पार्सल पाठवतानाही चकल्या, शंकरपाळे, चिवडा असं सगळं थोडं थोडं भरण्यापेक्षा, तिथे काय मिळत नाही आणि काय खाल्लं जातं, हे विचारून दोनच पदार्थ भरपूर पाठवावेत.

पुस्तकांच्या बाबतीतही हेच. मराठीत दिवाळी अंकाची परंपरा काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली सुरू केली. आजही दिवाळीत शेकडो अंक निघतात: कथा-कवितांचे, ज्योतिषाचे, आरोग्याचे, पाककृतींचे, विनोदाचे, मुलांचे. साध्या मिठाईच्या डब्याच्या किमतीत एखादा चांगला अंक येतो, आणि इतक्या प्रकारांतून निवडायचा तर वाचणाऱ्याची आवड माहीत असावीच लागते. म्हणून मला ही भेट फार आवडते. पण ज्याला वाचायचंच नाही त्याला साहित्याची सेवा म्हणून जाडजूड अंक दिला, तर तोही काचेचा बाऊलच ठरतो. कुणी ‘मला वस्तू नको’ असं मनापासून म्हटलं, तर देणगीचा मार्ग आहे. भाऊबीजेची कल्पना समाजापर्यंत नेऊन हिंगण्याच्या महर्षी कर्व्यांच्या संस्थेने मुलींच्या शिक्षणासाठी भाऊबीज निधी जमवला, तो याच वाटेने. फक्त देणगी कोणत्या कामाला जावी, हेही ज्याच्या नावाने द्यायची त्यालाच ठरवू द्यावं.

विचारल्याने अचानकपणाची गंमत जाते, असंही म्हटलं जाईल. लहान मुलांच्या बाबतीत ते खरं आहे. त्यांच्यापासून लपवून ठेवण्यातच अर्धा आनंद असतो. मोठ्यांच्या बाबतीत मात्र आपण ही गंमत जरा जास्तच जपतो. मॉर्गन वॉर्ड आणि सुझन ब्रॉनियार्झिक यांच्या २०१६ मधल्या अभ्यासात असं दिसलं, की घेणाऱ्याने हव्या असलेल्या वस्तूंची यादी दिलेली असली तरी जवळचे मित्रच ती जास्त मोडतात. नातं किती खास आहे ते दाखवायच्या भरात ते स्वतःच्या कल्पनेची वस्तू आणतात. मग रोख पैसे का देऊ नयेत? आजीने नातवाच्या हातात पाकीट ठेवावं, भावाने ओवाळणी घालावी, हे आपल्याकडे शोभतं आणि उपयोगीही पडतं. पण बरोबरीच्या मित्राला पाचशेची नोट दिली तर त्याने परत पाचशेच द्यायचे, आणि मग दोघांनी कशासाठी दिले हेच कळत नाही. तिथे एक संध्याकाळ मोकळी ठेवून एकत्र जेवायला जाणं अधिक बरं.

एका ठिकाणी मात्र भेटीचा विचार बाजूला ठेवून पैसेच द्यायला हवेत, आणि नेमकी तिथेच आपण वस्तू देतो. घरकाम करणाऱ्या ताई, स्वयंपाकाच्या मावशी, सोसायटीचा वॉचमन, जिना झाडणारा मुलगा यांच्या हातात बहुतेकदा आपल्याकडे आलेला, आपल्याला नको असलेला डबा जातो. १९६५ च्या बोनस कायद्याने किमान बोनस ८.३३ टक्के ठरवला, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, एक महिन्याचा पगार. घरकामगारांना त्या कायद्याचं संरक्षण मिळालं नाही, पण माप आपल्याला माहीत आहे आणि ते पाळायला कुणी मनाई केलेली नाही. बोनस ही भेट नव्हे, वर्षभराच्या कामाचं देणं आहे. वर मिठाई द्यायची असेल तर ती ताजी आणि त्यांच्यासाठी म्हणून आणलेली असावी. यंदा भेटींची यादी करायला बसाल, तेव्हा ही नावं सगळ्यात वर लिहा, आणि पैसे धनत्रयोदशीच्या निदान आठ दिवस आधी द्या, म्हणजे त्यांनाही आपल्या मुलांना विचारून खरेदी करता येईल.