न छापलेली बातमी

माझ्या मुलीच्या शाळेचं वार्तापत्र वर्षातून दोनदा घरी येतं. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, चार पानं, सगळं इंग्रजीत. शाळा मुंबईच्या एका उपनगरातली, मुलींची, कॅथलिक सिस्टर्स चालवतात ती. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारीला वाटतं, चला, आपली शाळा नाही.

यंदाच्या पावसाळी अंकात काय आहे? पाचवीतल्या नव्या मुलींचं स्वागत, हाऊस कॅप्टनना बिल्ले, वक्तृत्व स्पर्धेत दुसरा क्रमांक, वृक्षारोपण, आजी-आजोबा दिन. फोटो नीट पाहा. प्रत्येक फोटोत मुली हसताहेत आणि कुणाला तरी काहीतरी देताहेत. गुच्छ, तबक, पाण्याचा ग्लास, भेटकार्ड. मुलगी बोलते आहे आणि मोठं माणूस ऐकतं आहे असा एकही फोटो नाही, वक्तृत्वाच्या बातमीतसुद्धा ती ढाल घेऊन उभी आहे. तिसऱ्या पानावर खाली दोन ओळी: पाचवी ते आठवीच्या वर्गांनी ‘शिस्त सप्ताह’ उत्साहाने साजरा केला.

या दोन ओळींमागची बातमी मी इथे देते आहे, कारण शाळा ती देणार नाही.

जूनच्या शेवटी शाळेच्या मोठ्या गेटसमोर, स्टेशनरीच्या दुकानाच्या कडेला, एक माणूस मोटरसायकल लावून उभा राहू लागला. शाळा सुटायची वेळ त्याला पाठ होती. छत्री-रेनकोटच्या गर्दीत तो मुलींना आपलं शरीर उघडं करून दाखवायचा. लहान मुलींना आधी कळलंच नाही. सातवीतल्या मुलींना कळलं. त्यांनी, आमच्या पिढीने जे कधी केलं नव्हतं ते केलं, दुसऱ्याच दिवशी वर्गशिक्षिकेला सांगितलं. मिस म्हणाल्या, तिकडे बघू नका, खाली मान घालून चालत जा. मुलींनी पुन्हा सांगितलं. तेव्हा गोष्ट सिस्टरांच्या ऑफिसात गेली आणि तिथून डायरीत नोटीस आली. सोमवारपासून पाचवी ते आठवीच्या मुली मागच्या गेटने बाहेर पडतील. रांगेत, न बोलता. वाटेत गोळेवाल्यापाशी, दुकानापाशी थांबायचं नाही. पिनाफोर गुडघ्याच्या खाली हवा, सोमवारी सकाळी असेंब्लीत तपासणी होईल. याच आठवड्याचं नाव शिस्त सप्ताह.

मागचं गेट म्हणजे काय ते सांगायला हवं. अरुंद गल्ली, एका बाजूला शाळेची भिंत, दुसऱ्या बाजूला उघडं गटार, पावसात घोटाभर पाणी. तिथे ना दुकान, ना रिक्षास्टँड, ना वर्दळ. ज्या माणसापासून मुलींना वाचवायचं तो गजबजलेल्या रस्त्यावर ऐटीत उभा, आणि मुली सुनसान गल्लीत! हा हिशेब कुठल्या डोक्यातून निघतो? पण हिशेब नवा नाही. वाघ मोकळा, शेळी कोंडलेली, आणि वर त्याला शेळीचं रक्षण म्हणायचं.

सातवीच्या वर्गाकडे त्या महिन्यात भित्तिफलकाची पाळी होती. ‘शाळेच्या बातम्या’ असं वर शीर्षक असतं, खाली मुलींनी बातम्या लिहून लावायच्या. मुलींनी लावली. वहीच्या कागदावर, स्केचपेनने. माझ्या मुलीने ती मला तोंडपाठ म्हणून दाखवली, मराठीत सांगते: ‘मोठं गेट आमच्यासाठी बंद झालं आहे. समोर एक माणूस उभा राहून घाणेरडं वागतो. आम्ही तक्रार केली. आता तो मोठ्या गेटसमोर आहे आणि आम्ही मागच्या गल्लीत. पोलिसांना कुणी सांगितलं आहे का?’

यापेक्षा चांगली बातमी कुठलं वर्तमानपत्र देईल? काय, कुठे, कुणाला, आणि शेवटी नेमका प्रश्न. शिकवणाऱ्या बाईंनी या मुलींच्या पाठीवर थाप मारायला हवी होती. दुपारच्या सुट्टीपर्यंत कागद खाली उतरला. ज्या पाचजणींचं अक्षर ओळखू आलं त्यांच्या डायरीत ‘इनडिसिप्लिन’ असा लाल शेरा पडला, आणि पाचहीजणींनी माफीपत्र लिहून पालकांची सही आणावी असा हुकूम झाला. मी सही केली नाही.

मी भेटायला गेले तेव्हा सिस्टर चांगल्या बोलल्या. त्या वाईट बाई नाहीत, सकाळी सहापासून रात्रीपर्यंत शाळेसाठी राबतात. म्हणाल्या, ‘‘आम्ही मुलींच्या सेफ्टीसाठीच करतो ना? शाळेचं नाव खराब झालं तर मुलींचंच नुकसान. आणि कायद्याने अशी गोष्ट पब्लिक करता येत नाही.’’ कायद्याचं नाव त्यांनीच काढलं, म्हणून कायदा काय म्हणतो ते पाहू. २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याने पीडित मुलाची वा मुलीची ओळख उघड करायला मनाई केली आहे. मुलींच्या कागदावर एकाही मुलीचं नाव नव्हतं. त्याच कायद्याच्या कलम ११ मध्ये लैंगिक हेतूने मुलांपुढे अंगप्रदर्शन करणं हा लैंगिक छळ आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि कलम १९ म्हणतं की असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. इथे मर्जीचा प्रश्न नाही, न कळवणं हाच गुन्हा आहे. म्हणजे कायद्याप्रमाणे जे करायचं ते करा असं सांगणाऱ्या बारा वर्षांच्या मुली बेशिस्त, आणि कायदा मोडणारं ऑफिस शिस्तप्रिय!

हे झाकण्याचं दुखणं एका धर्माच्या शाळांचं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला चार वर्षांच्या मुलींवर शाळेतच अत्याचार झाल्याचं उघड झालं, २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले, तेव्हा वेळेत न कळवल्याबद्दल शाळाचालकांवरही गुन्हा दाखल झाला. ती शाळा सिस्टरांची नव्हती. राज्य सरकारने मग घाईघाईने शाळाशाळांत सीसीटीव्ही लावायचं फर्मान काढलं आणि २०२२ साली निघालेल्या ‘सखी सावित्री समिती’च्या आदेशावरची धूळ झटकली. आमच्या शाळेत कॅमेरे लागले. समितीबद्दल विचारलं तर, ‘‘कागदावर आहे’’ असं उत्तर मिळालं. निदान खरं उत्तर मिळालं!

माफीपत्राबद्दलही एक सांगते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मुलांना मारण्याला आणि त्यांचा मानसिक छळ करण्याला मनाई करतं. पण २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रमती’ प्रकरणात निकाल दिला की हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू होत नाही. शाळेच्या व्यवस्थापन समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात हे कलमही त्याच कायद्यातलं, तेही गेलं. अल्पसंख्याकांना आपल्या शाळा आपल्या पद्धतीने चालवता याव्यात हे मला मान्य आहे, पूर्ण मान्य आहे. पण पोरींना गप्प बसवण्याचा हक्क हा कुठल्या अल्पसंख्याकांचा सांस्कृतिक वारसा आहे, हे कुणी मला समजावून सांगेल का? तो तर या देशात बहुसंख्याकांचाही वारसा आहे, त्याला वेगळं संरक्षण कशाला?

बरं, चर्चच्या घरातलंच बोलू. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २००८ साली जमशेदपूरच्या अधिवेशनात स्त्रियांच्या सक्षमीकरणाचा विषय घेतला, आणि २०१० साली स्त्री-पुरुष समतेचं लिखित धोरण जाहीर केलं. ते आकाशातून पडलेलं नाही. त्याआधी वर्षानुवर्षं ख्रिस्ती बायका आपल्याच धर्मगुरूंना प्रश्न विचारत होत्या. पुण्यात ‘स्त्रीवाणी’ होती, मुंबईत १९८० च्या दशकात ‘सत्यशोधक’ नावाचा ख्रिस्ती स्त्रियांचा गट होता. आमच्या शाळेतल्या कॅथलिक मुली कॅटेकिझमच्या तासाला जातात, बाकीच्या मॉरल सायन्सला बसतात. या दोन्हीपैकी एका तरी तासाला हे धोरण उघडून वाचलं जातं का? आज्ञा पाळावी यावर मात्र दोन्ही वर्गांत धडा असतो. पुस्तकं वेगळी, धडा एकच.

आणि ज्या बायकांनी या शाळांची परंपरा उभी केली त्या आज्ञाधारक होत्या का? मेरी वॉर्ड या इंग्रज बाईने १६०९ साली, आज फ्रान्समध्ये असलेल्या सेंत-ओमेर गावी, मुलींना शिकवणाऱ्या बायकांचा संघ काढला. मठाच्या भिंतीआड कोंडून घ्यायचं नाही, बाहेर हिंडून काम करायचं, असा तिचा हट्ट. १६३१ साली पोपने तिचा संघ बरखास्त केला, तिला पाखंडी ठरवून म्युनिकमधल्या एका मठात कैदेत टाकलं. तिला संस्थापिका म्हणायची परवानगी तिच्या वारसदार सिस्टरांना मिळाली ती थेट १९०९ मध्ये. तिच्याच परंपरेतल्या लोरेटोच्या सिस्टर्स १८४१ साली कोलकात्याला आल्या. त्यांच्यातल्याच सिस्टर सिरिल मूनी यांनी १९७९ पासून सियालदाहची शाळा हातात घेतली आणि हळूहळू निम्म्या जागा फी न देऊ शकणाऱ्या मुलींना दिल्या, रस्त्यावरच्या मुलींना शाळेतच राहायला जागा केली. पाचवीपासूनच्या मुली खेड्यातल्या मुलांना शिकवायला जात. त्यांना २००७ साली पद्मश्री मिळाली, २०२३ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या शाळेतल्या मुली बाहेरच्या जगात जात होत्या, तेही मोठ्या गेटने.

आपल्याकडची पंडिता रमाबाई कॅथलिक नव्हती, पण १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टरांकडे राहून तिने बाप्तिस्मा घेतला. तिने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असं बिशपांचं म्हणणं पडलं, तेव्हा तिने त्याच सिस्टरांना पत्रांतून स्पष्ट कळवलं की एका पुरोहितवर्गाचं जोखड फेकून आलेली बाई दुसऱ्याचं मानेवर घेणार नाही. हे दीडशे वर्षांपूर्वीच्या आसपासचं, आणि एका मराठी बाईचं. शाळेच्या भिंतीवर थोर स्त्रियांच्या चित्रांत रमाबाई आहेत. चित्र गप्प असतं, म्हणून भिंतीवर चालतं!

सिस्टरांवर सगळं ढकलून मोकळं होण्याइतकी मी भाबडी नाही. ज्या बाईने स्वतः आज्ञापालनाचं व्रत घेतलं आहे, जिच्या वर बिशप आहे, जिची बदली एका पत्राने होते, तिला मुलींच्या आज्ञाभंगाची धास्ती वाटणारच. सप्टेंबर २०१८ मध्ये कोचीला पाच सिस्टर्स आपल्या एका बहिणीसाठी उघड्या रस्त्यावर उपोषणाच्या मंडपात बसल्या, आरोपी बिशप होता. २०२२ मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं, त्यावर अपील झालं. त्या बसल्यानंतर त्यांच्या वाट्याला किती एकटेपण आलं हे सगळ्या सिस्टर्स जाणतात.

शिवाय गिऱ्हाईक कोण आहे? आपला मध्यमवर्ग. लग्नाच्या जाहिरातींत वर्षानुवर्षं ‘गोरी, गृहकृत्यदक्ष, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली’ असं एका दमात छापून येत राहिलं. इंग्रजी फाडफाड यावं पण उलट उत्तर देता येऊ नये, अशी मुलगी हवी म्हणून आपण पहाटेपासून प्रवेशाच्या रांगा लावतो. माफीपत्रांवर पाचपैकी तीन घरांतून निमूट सह्या आल्या. एका वडिलांनी तर मुलीला चार धपाटे घालून सही केली. मागणी तसा पुरवठा.

आता दुसरी बाजू. मी हा विषय काढल्याचं कळताच आमच्या भागातल्या एका संघटनेचे दोन तरुण घरी आले. म्हणाले, ताई, तुम्ही फक्त नाव द्या, आम्ही शाळेसमोर बघून घेतो. मी त्यांना चहासुद्धा दिला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये मध्य प्रदेशात गंज बासोद्याला अशाच ‘बघून घेणाऱ्यांनी’ मिशनरी शाळेवर दगडफेक केली, आत बारावीची मुलं परीक्षा देत होती. मुलींनी काय नेसावं, कुणाशी बोलावं हे काठीने ठरवणारे आमच्या मुलींसाठी गेट उघडणार? त्यांना गेट तोडायचं आहे. आमचं भांडण शाळेशी आहे कारण शाळा आमची आहे.

पुढे काय झालं ते थोडक्यात. आम्ही चौघीजणी पोलीस ठाण्यात गेलो. दोन तास बसवून ठेवल्यावर तक्रार घेतली. महिला उपनिरीक्षक साध्या कपड्यांत घरी आल्या, कायद्यात तसंच आहे, आणि मुलींशी नीट बोलल्या. दुकानदाराने कॅमेऱ्यातलं चित्रण दिलं, गाडीचा नंबर मिळाला, माणूस सापडला. नऊ दिवसांत. तो आता मोठ्या गेटसमोर नाही.

मोठं गेट मात्र मुलींसाठी अजून बंदच आहे. आम्ही विचारलं तर उत्तर आलं, ‘‘आता मुलींना सवय झाली आहे, शिस्तही लागली आहे.’’ म्हणजे गेट त्या माणसामुळे बंद झालं नव्हतं, त्या माणसाच्या निमित्ताने झालं होतं.

येत्या पालकसभेसाठी आम्ही अकराजणींनी लेखी विषय दिले आहेत. मोठं गेट उघडावं, पाचही डायऱ्यांतला लाल शेरा रद्द करून तसं सहीनिशी लिहून द्यावं, सखी सावित्री समितीची बैठक तारीख लावून घ्यावी आणि तीत सातवी-आठवीच्या मुली बसाव्यात, भित्तिफलकावरचा कागद मुलींना परत मिळावा. पोचपावती घेतली आहे. ज्या मैत्रिणींच्या मुली अशाच शाळांत आहेत त्यांनी आपल्याकडच्या नोटिसा आणि डायरीतले शेरे नावं झाकून आमच्याकडे पाठवावेत, पुढच्या अंकात ते एकत्र छापू.