परतणाऱ्या मल्लाची जोड कोण लावणार?

जत्रांचा हंगाम जवळ आला की तालमीत एक ओळखीचा गडी येतो. वय पस्तीस ते बेचाळीसच्या दरम्यान, वजन शंभरीच्या पुढे, लंगोट खुंटीला लावून पाच-सात वर्षे झालेली. पोरांची मेहनत बघत बसतो, इकडचे-तिकडचे बोलतो आणि निघताना म्हणतो, "वस्ताद, एक जोड लावा माझी." पूर्वी हे मागणे गावच्या जत्रेतल्या एका कुस्तीपुरते असे. आता एमएमएच्या पिंजऱ्यातल्या लढतीचे बोलावणे थेट त्याच्या मोबाईलवर येते, आणि संयोजकाला त्याच्या छातीपेक्षा त्याच्या जुन्या नावाची किंमत अधिक असते. नाशिक, भगूर, सिन्नर, मालेगाव या पट्ट्यातल्या तालमींतून आणि शहरातल्या नव्या जिममधून काम करणाऱ्या आपणा सर्वांना या गड्याला उत्तर द्यावे लागणार आहे. आमचे म्हणणे असे की, परत लढायचे की नाही हे मल्लाने ठरवावे. पण कुठे, कोणाशी आणि केव्हा लढायचे हे वस्तादानेच ठरवले पाहिजे, आणि शरीर साथ देत नसेल तर तोंडावर नाही म्हटले पाहिजे.

आपल्याच उत्तर महाराष्ट्रातले उदाहरण घेऊ. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचे विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा घेतली. त्यांच्या आधीच्या तीन वर्षांत, २०११ ते २०१३, तोच पराक्रम नरसिंग यादव यांनी केला होता. चौधरी पुढे पोलीस उपअधीक्षक झाले. असे अधिकारी जिथे घडतात ती महाराष्ट्र पोलीस अकादमी आपल्या त्र्यंबक रस्त्यावर आहे आणि तिथल्या प्रशिक्षणाची घडी किती कडक असते हे नाशिककरांना सांगायला नको. तिसऱ्या गदेनंतर सात वर्षांनी, २०२३ मध्ये कॅनडातल्या विनिपेगला झालेल्या जागतिक पोलीस व अग्निशमन क्रीडा स्पर्धेत त्यांनी १२५ किलो गटात सुवर्णपदक जिंकले.

या पदकाच्या बातम्या आपण सर्वांनी आनंदाने वाचल्या. व्यवसायाच्या नजरेने त्यातली मोलाची गोष्ट म्हणजे आखाड्याची निवड. समोरचे सगळे गडीही नोकरी सांभाळून सराव करणारे, ड्यूटीने थकणारे पोलीस किंवा अग्निशमन जवान होते. वजन ठरलेले, नियम ठरलेले, वेळ ठरलेली. तीन वेळचा महाराष्ट्र केसरी म्हणून त्यांना कुणी बावीस वर्षांच्या पूर्णवेळ मल्लासमोर उभे केले नाही. जोड बरोबरीची होती आणि ती त्यांनी जिंकली.

नरसिंग यादव यांची परतीची वाट याहून खडतर होती. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर त्यांच्यावर चार वर्षांची बंदी आली. बंदी संपल्यावर डिसेंबर २०२० मध्ये ते बेलग्रेडच्या विश्वचषकात उतरले आणि पदकाविना परतले. त्यांचा गट ७४ किलोचा, म्हणजे वजनदार मल्लांचा नव्हे. पण चार वर्षांत मॅटवरचा वेग किती पुढे जातो हे त्या लढतीने दाखवले. डाव अंगात राहतात. ते टाकण्याची वेळ मात्र रोजच्या लढतीतच अंगी टिकते, आणि ती आधी जाते.

आता माती आणि मॅट सोडून पिंजऱ्याकडे वळू. वजनदार गटात वय झालेले लढवय्ये अधिक टिकतात, याला कारण आहे. हलक्या गटात सारा खेळ वेगाचा; शंभर किलोच्या पुढे ताकद, पकड आणि अंगाचा भार यांवर बरेच निभावते, आणि ताकद वेगाच्या मानाने उशिरा ओसरते. रँडी कुतूर हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. फेब्रुवारी २००६ मध्ये हरल्यावर त्याने निवृत्ती घेतली, मार्च २००७ मध्ये कोलंबसला तो परतला आणि वयाच्या ४३ व्या वर्षी त्याने टिम सिल्व्हियाकडून यूएफसीचे वजनदार गटाचे विजेतेपद घेतले. सिल्व्हिया त्याच्यापेक्षा हातभर उंच. कुतूर मुळात ग्रीको-रोमन कुस्तीगीर. सुरुवातीलाच उजव्या हाताचा ठोसा देऊन त्याने सिल्व्हियाला खाली घेतले आणि पाचही फेऱ्या तीनही पंचांच्या कागदावर जिंकल्या. हे सांगून संयोजक आपल्या पैलवानांना भुलवतात. पण कुतूर जेमतेम तेरा महिने बाहेर होता, एवढे मात्र ते सांगत नाहीत.

खंड लांबला की काय होते तेही पाहा. केन व्हेलास्केझ हा उत्तम कुस्तीगीर आणि माजी विजेता अडीच वर्षांच्या खंडानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये फ्रान्सिस एनगानूसमोर उतरला; लढत २६ सेकंदांत संपली. स्टिपे मिओचिच मार्च २०२१ मध्ये बेशुद्ध होऊन हरला होता. साडेतीन वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, ४२ व्या वर्षी तो जॉन जोन्ससमोर आला, तिसऱ्या फेरीत कोसळला आणि तिथेच त्याने निवृत्ती सांगितली. फेडोर एमेलियानेंको २०१२ मध्ये थांबला होता. ३१ डिसेंबर २०१५ ला जपानमध्ये तो परतला, तेव्हा समोर दिला होता मूळचा भारतीय किकबॉक्सर जयदीप सिंग. ती लढत फेडोरने पहिल्याच फेरीत जिंकली. त्या विजयाच्या भरवशावर त्याला पुढे खरे तगडे गडी दिले गेले: २०१७ मध्ये मॅट मिट्रिओनसमोर पहिल्या फेरीत हार, जानेवारी २०१९ मध्ये रायन बेडरसमोर ३५ सेकंदांत हार, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये, ४६ व्या वर्षी, पुन्हा बेडरकडूनच हरून कायमची निवृत्ती. परतल्यावरची पहिली सोपी लढत मल्लालाही फसवते आणि त्याच्या प्रशिक्षकालाही. म्हणून रोहतकचे संग्राम सिंग यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये तिबिलिसीत, चाळिशीच्या उंबरठ्यावर, एमएमएतली पहिली लढत पहिल्याच फेरीत जिंकली त्याचे कौतुक करतानाही आम्ही आवर्जून सांगतो की, एका झटपट विजयावरून तिसऱ्या फेरीतला दम कळत नाही.

जोड बरोबरीची असेल तर वयाला किती मान मिळतो हे आपल्या देशानेच जगाला दाखवले आहे. गामा पैलवान आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झ्बिस्को यांची पहिली कुस्ती १९१० मध्ये लंडनला झाली आणि अडीच तासांच्या आसपास लढूनही ती निकाली झाली नाही. दुसरी १९२८ मध्ये पतियाळाला झाली. गामा पन्नाशीला टेकलेला, झ्बिस्को साधारण त्याच वयाचा. गामाला त्याला चीत करायला एक मिनिटही लागले नाही. पतियाळाच्या महाराजांनी पंचविशीतला कुणी ताजा मल्ल गामासमोर आणला असता तर आज आपण ती कुस्ती वेगळ्या सुरात सांगत असतो.

कुस्तीतून पिंजऱ्यात जाणाऱ्या प्रौढ मल्लाचा खरा धोका मात्र वयापेक्षा सवयीत आहे, आणि ही बाब आपल्यापैकी ज्यांनी फक्त मातीवर काम केले त्यांनी नीट समजून घ्यावी. आपल्या मल्लाला लहानपणापासून एकच शिकवलेले असते: पाठ मातीला लागू द्यायची नाही. खाली आला की तो पोटावर वळतो, कोपरे आत घेतो, मान ताठ करतो. कुस्तीत हा बचाव आहे. पिंजऱ्यात पोटावर वळणे म्हणजे पाठ देणे. समोरचा पाठीवर बसतो, पायांची कात्री घालतो आणि गळ्याखालून हात घालून श्वास बंद करतो. दुहेरी पट काढायला जातानाही तेच. मान खाली, डोके समोरच्याच्या बगलेत. कुस्तीत त्यातून फार तर गुण जातो. इथे वरून गळ्याला विळखा पडतो, नाहीतर खालून गुडघा येतो. आपल्या महाराष्ट्राचा भारत खंडारे नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला यूएफसीत उतरला, तेव्हा साँग यादाँगने त्याला पहिल्याच फेरीत अशाच पुढून घातलेल्या गळ्याच्या विळख्यात धरले. भारत तेव्हा ऐन उमेदीत होता आणि एमएमएचा पुरेसा अनुभव घेऊन गेला होता. वीस-पंचवीस वर्षे अंगात मुरलेली सवय चाळिशीतल्या गड्याला तीन महिन्यांच्या शिबिरात मोडता येईल असे कुणी म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

त्यात डोक्याचा मार येतो. कुस्तीत चीत झालेला मल्ल उठतो, माती झटकतो आणि हात मिळवतो. पिंजऱ्यात बऱ्याच लढती डोक्यावरच्या ठोशाने संपतात. वय वाढते तसा मेंदू थोडा आकसतो आणि कवटीच्या आतल्या बारीक शिरा ताणल्या जातात. तरुणपणी जो ठोसा गरगरण्यावर निभावला असता तोच चाळिशीनंतर आत रक्तस्राव करू शकतो. अमेरिकेतली अनेक राज्ये चाळिशी ओलांडलेल्या लढवय्याला जादा तपासण्यांशिवाय परवाना देत नाहीत ती याचसाठी. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी वजन घेतात, रक्तदाब बघतात आणि सोडतात.

सरावात काय बघायचे, हे अनुभवी वस्तादाला शिकवायला नको. तरीही लिहून ठेवतो. परतू पाहणाऱ्या गड्याची पहिल्या दोन मिनिटांची लढत बघून खूश होऊ नका. त्या दोन मिनिटांत जुनी पकड, जुना ढाक, सगळे दिसते. तिसऱ्या मिनिटानंतर त्याच्या पायाकडे बघा. टाच जड होते, पट चुकवताना कंबर मागे जात नाही, गडी नुसता वरून वाकतो. मग हात गुडघ्यावर येतात आणि तोंड उघडे पडते. पिंजऱ्यात फेरी पाच मिनिटांची असते. ज्याचा दम तिसऱ्या मिनिटाला तुटतो त्याने उरलेली दोन मिनिटे कशाच्या जोरावर काढायची?

हा दम आणण्यासाठी जे आडमार्ग चालू आहेत त्यावर बोलणे आम्ही टाळणार नाही. भूल देताना उतरलेला रक्तदाब सावरायला वापरतात ते मेफेंटरमाइनचे इंजेक्शन राज्यातल्या जिममध्ये आणि काही तालमींच्या आसपास मिळते, हे आपण सगळे जाणतो. ते हृदयाचे ठोके आणि रक्तदाब चढवते, थकवा जाणवू देत नाही, आणि थकवा जाणवला नाही की थांबायची खूणच मिळत नाही. पंचविशीत ते घातक आहेच. चाळिशीत, वाढलेल्या वजनाच्या आणि कधी तपासणी न झालेल्या हृदयावर ते म्हणजे जिवाशी खेळ आहे. ताकदीच्या औषधांचेही तेच. २०१६ मध्ये ब्रॉक लेस्नर साडेचार वर्षांनी यूएफसीत परतला, मार्क हंटला हरवले, आणि उत्तेजक चाचणीत सापडल्यावर तो निकालच रद्द झाला. आपल्या तालमीत हे इंजेक्शन कोण आणतो हे वस्तादाला ठाऊक नसते असे आम्ही मानत नाही.

मल्ल परत का येतो, याकडेही सहानुभूतीने बघितले पाहिजे. अनेकांना पैशाची गरज असते. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडच्या महाराष्ट्र केसरीच्या वेळी मल्लांच्या मानधनात वाढ जाहीर झाली, ती स्वागतार्ह होती. पण किताब न मिळालेल्या, जिल्ह्यापर्यंत लढलेल्या शेकडो मल्लांना तिचा उपयोग नाही. खुराकाची सवय राहते, मिळकत जाते. काहींची शेवटची कुस्ती वादात गेलेली असते आणि ती मनातून जात नाही. काहींना हलगीचा आवाज ऐकला की घरी बसवत नाही. या तिन्ही कारणांचा आम्हाला आदर आहे, आणि म्हणूनच त्यांना तीन वेगळी उत्तरे हवीत. पैसा हवा असेल त्याला तालमीत मानधनावर प्रशिक्षक म्हणून घ्या. त्याच्याकडे जे आहे ते बाहेर मिळत नाही. मन शांत करायचे असेल त्याला पस्तिशीपुढच्या मल्लांच्या स्पर्धेत उतरवा. जागतिक कुस्ती संघटनेत हा स्वतंत्र विभाग आहे, त्यात वयाचे पाच-पाच वर्षांचे गट आहेत आणि फेऱ्या तीनऐवजी दोन मिनिटांच्या आहेत. महाराष्ट्र केसरीच्या मुख्य गटात मात्र वयाची अट नाही आणि वजन ८६ ते १२५ किलो इतके पसरलेले. तिथे प्रौढ मल्लाची फरफट होते. आपल्या नाशिकसाठी जानेवारी २०२० मध्ये गदा आणणारे हर्षवर्धन सदगीर नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिवला पुन्हा अंतिम फेरीत पोहोचले आणि शिवराज राक्षे यांच्याकडून हरले. ते तर तरुण आणि नियमित लढणारे मल्ल. त्यांनाही चार वर्षांनी तिथवर येणे एवढे कठीण गेले, तर सात वर्षे घरी बसलेल्याने काय अपेक्षा ठेवावी?

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे. राज्यातली वैद्यकीय महाविद्यालये ज्याच्या छत्राखाली चालतात ते विद्यापीठ शहरात असताना परतणाऱ्या मल्लासाठी तपासणीचा एक ठरलेला तक्ता आपल्याकडे नसावा, याचे वाईट वाटते. पस्तिशीपुढच्या प्रत्येकासाठी हृदयाचा इको आणि ट्रेडमिल चाचणी, डोळ्याच्या पडद्याची तपासणी, मानेचा एक्स-रे, आणि पिंजऱ्यात उतरणार असेल तर मेंदूचा एमआरआय, एवढे तरी असावे. जिल्हा तालीम संघ, जिमचालक आणि विद्यापीठ यांनी एकत्र बसून हा तक्ता करावा. जत्रेच्या पंच कमिटीनेही इनाम जाहीर करण्याआधी तो मागावा.

वस्ताद मंडळींना आमची विनंती आहे. येत्या हंगामात तुमच्याकडे येणाऱ्या पस्तिशीपुढच्या प्रत्येक मल्लाची वही घाला: शेवटची लढत कधी, डोक्याला मार किती वेळा, बेशुद्ध पडला होता का, सध्या कोणती औषधे चालू आहेत. वर्षभर सराव झाल्याशिवाय जोड लावू नका. चाळिशी ओलांडलेल्या आणि कधी पिंजऱ्यात न लढलेल्या पैलवानाला एमएमएसाठी नाही म्हणा, संयोजक कितीही मोठा असो. आणि तुम्ही नाही म्हटल्यावर तो दुसऱ्या तालमीत गेला, तर त्या वस्तादाला त्याच दिवशी फोन करून वहीतले सगळे सांगा.