दोघांचें एकवचन

विवाह झाल्यावर नवदांपत्यानें प्रथम कुलस्वामिनीचें दर्शन घ्यावें, ही आपल्या घरांतील जुनी चाल आहे. कोंकणस्थांची कुलस्वामिनी आमच्या बीड जिल्ह्यांत, अंबाजोगाईस, असल्यामुळें पुण्यामुंबईचीं आणि रत्नागिरीकडचीं किती तरी जोडपीं प्रतिवर्षीं इकडे येतात. देवीची जी कथा इकडे सांगतात ती मात्र लग्न न झाल्याची आहे. योगेश्वरीचा विवाह परळीच्या वैजनाथाशीं ठरला होता. वऱ्हाड कोंकणांतून निघालें, वाटेंत विलंब झाला, मुहूर्त टळला, आणि वऱ्हाड होतें तेथेंच पाषाण होऊन बसलें. परळी तेथून अवघी सात-आठ कोस. एवढा मुलुख तुडवून आलेली वधू शेवटच्या मजलेला थांबली ती कायमची. आणि तिच्या दर्शनानें नव्या संसाराचा आरंभ करावा असें आपण ठरविलें. लोकांच्या मनाचा हा व्यवहार मला नेहमींच विचार करण्याजोगा वाटत आला आहे.

हल्लींचीं जोडपीं अंबाजोगाईहून पुष्कळ पुढें जातात. माझा एक जुना विद्यार्थी नोकरींतून लवकर मोकळा झाला आणि पत्नीसह वर्षभर दक्षिण अमेरिकेंत हिंडला. त्याचीं पत्रें मीं जपून ठेविलीं आहेत. बोलिव्हियांतील उयुनी येथें मिठाचें एक पठार आहे. समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरांहून अधिक उंच आणि सुमारें दहा हजार चौरस किलोमीटर विस्ताराचें. म्हणजे आपला बीड जिल्हा जवळजवळ सगळा त्यांत मावावा. पावसाळ्यांत त्यावर पाण्याचा पातळ थर सांचतो आणि आकाश पायांखालीं येतें. दोघेंहि त्या आकाशावर उभीं आहेत, असें एक छायाचित्र त्यानें धाडलें होतें. तेथून तीं दक्षिणेस अर्जेंटिनाच्या हुहुई प्रांतांत उतरलीं. वर झाड नसलेला, थंड, ओसाड माळ. मध्यें रंगीबेरंगी डोंगरांचें खोरें. आणि त्या डोंगरांच्या पूर्वेकडील उष्ण सखल भागांत आल्यावर अकस्मात्, दृष्टि पोहोंचेल तेथवर ऊस! माजलगावच्या धरणाखालच्या शिवाराची आठवण झाली, असें त्यानें लिहिलें होतें.

त्याच पत्रांत एक वाक्य होतें, त्यावरून हा लेख लिहावासा वाटला. आपल्याकडे पतिपत्नींनीं मिळून लांबचा प्रवास करण्याची रीतच नव्हती. पुरुष हिंडे आणि बायको घर राखी, असें त्याचें म्हणणें. तें पुरतें खरें नाहीं. काशीयात्रा जोडीनें करणारीं माणसें आपल्या घरोघर होऊन गेलीं. नर्मदेची परिक्रमा नेमानें केली तर तीन वर्षें, तीन महिने आणि तेरा दिवसांची होते; तिलाहि जोडपीं आजपर्यंत निघत आलीं आहेत. परंतु मला तें वाक्य वाचतांना काशी आठवली नाहीं कीं नर्मदा आठवली नाहीं. ज्या शाळेंत तो शिकला तिचा कार्तिकांतील हजेरीपट आठवला.

दसरा झाला कीं आमच्या बालाघाटाच्या डोंगरपट्टींतील गांवें हलूं लागतात. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज. कोणत्याहि तालुक्यांत जा. ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. त्यांत भांडीं, गोधड्या, ज्वारीचें पोतें, सरपण, कोंबड्या, कडेवरचें मूल आणि क्वचित् शेळी इतकें चढतें, आणि नवराबायको निघतात. तीं जातात ती वाट कोल्हापूर-सांगलीची, साताऱ्याची, पुण्याची, नगर म्हणजे आतांच्या अहिल्यानगरची, किंवा पलीकडे कर्नाटकांत बेळगांव-बागलकोटची. परततात तीं फाल्गुन-चैत्रांत. पांच-सहा महिने बाहेर, पांच-सहा महिने घरीं, अशीं कित्येकांचीं पंचवीस-तीस वर्षें गेलीं आहेत. सगळे मुक्काम मिळून मोजले तर वर्षभर पृथ्वी हिंडून आलेल्या कोणाहि प्रवाशापेक्षां त्यांचा प्रवास मोठा भरेल.

हें कां घडतें तें थोडक्यांत सांगतों. जमीन हलकी, पाऊस बेभरंवशाचा. दुसरीकडे १९५० सालीं प्रवरेच्या कांठीं लोणीस सहकारी साखर कारखाना चालूं झाला आणि पुढें कालव्यांच्या मुलखांत एकामागून एक कारखाने निघाले. एवढा ऊस ठराविक महिन्यांत तोडावयास स्थानिक हात पुरेनात. १९७२ च्या दुष्काळानंतर तर आमच्याकडून जाणारांची रीघच लागली. अलीकडे आमच्या जिल्ह्यांतहि ऊस आणि कारखाने झाले आहेत, तरी इकडचीं माणसें तिकडे जावयाचीं थांबलीं नाहींत. हा उलटा न्याय परक्या माणसास पटकन् उमगत नाहीं. उमगण्यास 'उचल' हा शब्द ठाऊक असावा लागतो. पावसाळ्यांत, हात अगदीं रिकामे असतां, मुकादम आगाऊ रक्कम देतो. पन्नास हजार, लाख, क्वचित् त्याहूनहि अधिक. ती श्रमानें फेडावयाची. म्हणजे प्रवास निघण्यापूर्वींच त्याचें मोल खर्चून गेलेलें असतें. कधीं मुलीच्या लग्नांत, कधीं आजारपणांत, कधीं मागच्याच वर्षीं न फिटलेल्या उचलींत.

ही उचल माणशीं मिळत नाहीं. ती मिळते 'कोयत्या'ला. कोयता म्हणजे ऊस तोडावयाचें हत्यार हें सर्वांस ठाऊक आहे. ऊसतोडीच्या व्यवहारांत मात्र कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक नग. मुकादमाच्या वहींत 'वीस कोयते' असें लिहिलें तर चाळीस माणसें समजावयाचीं. एकटा गडी असेल तर तो 'अर्धा कोयता'. ज्या घरांतून आईबाप आणि अविवाहित मुलगा गेला, तेथें 'किती जण गेले?' असें विचारलें तर 'दीड कोयता' हें उत्तर मीं स्वतः ऐकलें आहे, आणि सांगणाऱ्या म्हातारीस त्यांत कांहींच वावगें वाटलें नव्हतें.

मी जन्मभर व्याकरण शिकविलें, त्यामुळें माझें मन अशा ठिकाणीं अडतें. संस्कृतांत 'दंपती' हा शब्द नित्य द्विवचनी आहे. दम् म्हणजे घर. दंपती म्हणजे घराचे दोन धनी. त्या दोघांस एकवचनांत घालण्याची सोयच भाषेनें ठेविली नाहीं. मराठीनें द्विवचन टाकून दिलें, त्याचें मला कधीं वाईट वाटलें नव्हतें. विद्यार्थ्यांस तर त्याचा आनंदच असे. परंतु दोघांचें एकवचन झालें कीं त्यांतील एकाचा हिशेब कसा नाहींसा होतो, तें मला पाणिनीपेक्षां मुकादमाच्या वहीनें अधिक स्पष्ट दाखविलें. वहींत नांव नवऱ्याचें. अंगठा किंवा सही नवऱ्याची. पैसे नवऱ्याच्या हातीं. बायको कोयत्याच्या पोटांत.

आणि काम? पहांटे तीन-चारला उठून ती भाकरी थापते, पाणी भरते, मूल आवरते. उजाडतां उजाडतां दोघें फडांत. ऊस बुडख्याशीं, अगदीं जमिनीलगत, तोडावयाचा. कारण साखर तेथें अधिक. बहुधा तोडतो तो, आणि पाचट काढून मोळी बांधते ती. पण तीहि तोडते, आणि मोळ्या डोक्यावर घेऊन उभ्या फळीवरून ट्रकवर चढते तीहि. गर्भारपणांतहि हें सुटत नाहीं. ट्रक रात्रीं एकला आला तर रात्रीं एकला भरावयाचा. उसाचें वाढें विकून जे चार पैसे सुटतात त्यांवर रोजचें मीठमिरची चालतें. दोघांचा दिवसाचा ऊस दीड-दोन टन भरतो. जानेवारी २०२४ मध्यें झालेल्या करारानें तोडणीचा दर ३४ टक्क्यांनीं वाढून टनास साडेतीनशे रुपयांच्या वर गेला. वाचकांनीं तो दोघांत वांटून, स्वयंपाकपाणी धरून चौदा-पंधरा तासांनीं भागून पाहावा.

एक दिवस काम चुकलें तर त्यास 'खाडा' म्हणतात. खाड्याचे पैसे कापले जातात, आणि एकटीचें दुखणें असलें तरी कोयताच अडतो. या मासिकांत हें लिहावें कीं नाहीं, याचा मीं विचार केला. परंतु येथील वाचक सुशिक्षित आहेत आणि घरांत वडीलधाऱ्या स्त्रिया आहेत, त्यांना हें लपविण्यासारखें वाटूं नये. शेतांत आडोसा नाहीं, पाणी नाहीं, विश्रांति नाहीं. मासिक अडचणीचे दिवस निघावे कसे? शासनानें २०१९ मध्यें नेमलेल्या समितीच्या पाहणींत जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. सुमारें सहांत एक. त्यांत तिशी न ओलांडलेल्याहि होत्या. खाडा नको म्हणून शरीराचा एक अवयवच नको, इथपर्यंत गोष्ट गेली. डॉक्टरांचा दोष किती आणि भीतीचा किती, हें वेगळें करून दाखविणें कठीण आहे. मी तरी एकट्या डॉक्टरांवर खापर फोडून मोकळा होणार नाहीं.

याच एकवचनाचा दुसरा परिणाम मुलींवर होतो. अर्ध्या कोयत्याला उचल अर्धी. मग मुलाचें लग्न हंगामापूर्वीं उरकलें तर कोयता पुरा होतो. उलट पक्षीं, वयांत आलेली मुलगी मागें म्हाताऱ्यांच्या भरंवशावर ठेवावयाची भीति, आणि फडांत न्यावयाचीहि भीति. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत आमच्या जिल्ह्यांतील वीस ते चोवीस वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकीं चाळिसांहून अधिक जणींचें लग्न अठरा वर्षांच्या आंत झालेलें आढळलें. माझ्या वर्गांतून सातवींत गेलेल्या, बुद्धीनें तल्लख अशा मुली आठवींत कां दिसत नसत, याचें कारण आम्हां शिक्षकांस ठाऊक असे. आम्ही घरीं जाऊन समजावीत असूं. बाप ऐकून घेई, चहा पाजी आणि म्हणे, 'गुरुजी, तुम्ही सांभाळतां का सहा महिने?'

आतां त्या दूरच्या उसाकडे पुन्हां वळतों, कारण माझ्या विद्यार्थ्यास जो ऊस दिसला त्यालाहि हीच कथा आहे. हुहुई आणि शेजारचा साल्टा या प्रांतांतील साखर कारखान्यांस विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तोडणीस माणसें मिळेनात, तेव्हां चाको नांवाच्या सपाट रानांतील आदिवासी कुटुंबेंच्या कुटुंबें, बायकामुलांसह, शेंकडों किलोमीटरांवरून आणीत. पुढें वरच्या ओसाड पठारावरील कोया लोकांवर पाळी आली. साल्टांतील एका मोठ्या कारखान्याच्या धन्यांनीं १९३० नंतर त्या पठारावरील जमिनीच ताब्यांत घेतल्या, आणि तेथें पिढ्यानुपिढ्या राहणाऱ्या लोकांस सांगितलें कीं जमिनीचा खंड ऊस तोडून भरा. आमच्याकडे उचल, तिकडे खंड; गांठ तीच. हंगामापुरतें येऊन जाणाऱ्या अशा मजुरांस तिकडे 'गोलोंद्रीना' म्हणतात. गोलोंद्रीना म्हणजे पाकोळी, ऋतु पाहून देशांतर करणारा पक्षी. नांव मोठें गोड आहे. आमचें 'कोयता' हें नांव निदान फसवें नाहीं.

त्या कोया लोकांपैकीं सुमारें पावणेदोनशे माणसें १९४६ च्या मे महिन्यांत आपल्या जमिनी परत मागण्यासाठीं पायीं राजधानीकडे निघालीं. अंतर सुमारें दोन हजार किलोमीटर. ऑगस्टच्या आरंभीं तीं ब्यूनॉस आयर्सला पोहोंचलीं. राष्ट्राध्यक्ष पेरोन यांनीं त्यांचें स्वागत केलें. लोकांनीं फुलें उधळलीं. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांना बळजबरीनें आगगाडींत घालून परत धाडण्यांत आलें. विद्यार्थ्यानें पाहिलेले तेच रंगीत डोंगर त्या आगगाडीच्या वाटेवर आहेत. हें त्याला कळविलें तेव्हां त्याच्या पत्नीनें उत्तर लिहिलें कीं, त्या खोऱ्यांत आपण आठ दिवस राहिलों, पण कोणी सांगितलें नाहीं, आणि आपणहि विचारलें नाहीं. यांत तिचा दोष मी मानीत नाहीं. आमच्या बसगाड्या आणि ऊसतोडीचे ट्रक एकाच रस्त्यानें जातात. अंबाजोगाईचें दर्शन करून परतणाऱ्या जोडप्यांपैकीं कितीकांनीं त्या ट्रकमध्यें पाहिलें असेल?

इकडे कांहींच झालें नाहीं असें नव्हे. पूर्वीं कारखान्यांच्या आवारांत साखरशाळा निघाल्या. मूल गांवींच राहावें म्हणून हंगामी वसतिगृहांची सोय झाली. तेथील भोजन आणि देखरेख कोठें चांगली, कोठें केवळ कागदावर. गोपीनाथ मुंडे यांच्या नांवानें ऊसतोड कामगारांचें कल्याण महामंडळ स्थापन झालें असून, उसाच्या टनामागें कारखान्यांनीं दहा रुपये द्यावे आणि तितकीच भर शासनानें घालावी असें ठरलें आहे. मजुरांची नोंद करून ओळखपत्रें देण्याचेंहि काम निघालें. या नोंदींतच मला खरी आशा दिसते. पत्र्यावर नवऱ्याचें आणि बायकोचें नांव वेगवेगळें लागलें, तिच्या वाट्याची मजुरी तिच्या खात्यांत गेली, तर तिचें दुखणें हा कोयत्याचा खाडा न ठरतां एका माणसाचें आजारपण ठरेल. हें फार मोठें मागणें नव्हे. शाळेंतसुद्धां दोन भावंडांची हजेरी आम्ही एका ओळींत लावीत नव्हतों.

दरम्यान यंत्रें येत आहेत. ब्राझीलच्या साओ पाउलो प्रांतांत उसाची तोडणी आतां बहुतेक सारी यंत्रानेंच होते, आणि उत्तरेकडून येणारे तोडकरी तेथून नाहींसे झाले. आपल्याकडे शेतें लहान, म्हणून यंत्र हळू शिरतें. पण शिरतें आहे. तसें झालें तर सुटका झाली म्हणावें, कीं उपासमार, हें बालाघाटाच्या हलक्या जमिनीला विचारावें लागेल. मीं एका तोडकऱ्यास विचारलें होतें. तो म्हणाला, 'यंत्राला उचल द्यावी लागत नाही, एवढंच त्याचं चांगलं.' त्याची बायको शेजारीं कोयत्यास धार लावीत बसली होती. तिनें मान वर न करतां विचारलें, 'मग लेकीच्या फीचे पैसे कोण देणार?'

ती मुलगी यंदा बारावीला आहे, आणि आजीपाशीं गांवींच राहिली आहे.