यूडीकोलनचा गुन्हा

तापात कपाळावर यूडीकोलनची घडी ठेवणाऱ्या माणसाला एके काळी मुंबई राज्यात कायद्याची धास्ती बाळगावी लागली असती. 1949 च्या दारूबंदी कायद्याने दारूची व्याख्या इतकी ऐसपैस केली होती की अल्कोहोल असलेला कुठलाही द्रव तिच्यात बसावा. फ्राम नसरवानजी बलसारा नावाचे गृहस्थ त्याविरुद्ध कोर्टात गेले. त्यांना व्हिस्की-ब्रँडीही हवी होती, हे लपवण्यात अर्थ नाही. पण यादीत यूडीकोलनही होते. 25 मे 1951 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदी मोठ्या प्रमाणात कायम ठेवली, मात्र अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने तिच्या तावडीतून सोडवली. व्हिस्की गेली, यूडीकोलन वाचले. (धायटीच्या फुलांनी आंबवलेल्या द्राक्षासवातही अल्कोहोल असते, आणि ते रोज घेणारी आजी स्वतःला निर्व्यसनीच म्हणवते.)

हे प्रकरण आज आठवले ते युरोपमुळे. युरोपीय संघाच्या हेलसिंकीतल्या रसायन संस्थेत 2025 मध्ये इथेनॉलवर, म्हणजे दारूतल्याच अल्कोहोलवर, खल चालला होता: जंतुनाशकांतल्या इथेनॉलला कर्करोगकारक आणि प्रजननास घातक ठरवावे का? पुरावा खोटा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्यपेयांना 1988 मध्येच पहिल्या, म्हणजे खात्रीच्या कर्करोगकारकांच्या, गटात बसवले. गरोदरपणातल्या दारूने गर्भाला इजा होते, यातही वाद नाही. पण हा पुरावा प्यायलेल्या दारूचा आहे. हातावर चोळलेले इथेनॉल बहुतेक उडून जाते. रक्तात उतरते ते अगदी थोडे. त्याच आरोग्य संघटनेच्या हात निर्जंतुक करण्याच्या एका मिश्रणात 80 टक्के इथेनॉल असते. वॉर्डात एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे धावणाऱ्या नर्सला दर वेळी नळ आणि साबण कोण पुरवणार? तिच्या खिशातल्या बाटलीवर धोक्याचा शिक्का बसला, तर संसर्गाची किंमत रुग्ण मोजतील.

आपल्याकडचे दुखणे उलट आहे. 2020 च्या जुलैत केंद्राने सॅनिटायझर विकायला परवान्याची अट काढली. टंचाईच्या काळात ते रास्तच होते. पण 2021 च्या एप्रिलमध्ये, दारूची दुकाने बंद असताना, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सॅनिटायझर पिऊन सात जण मेले. विषारी मिथेनॉल तर दिसायला आणि वासाला इथेनॉलसारखेच. 2015 मध्ये मुंबईतल्या मालवणीत दारूतून पोटात गेलेल्या मिथेनॉलने शंभराहून अधिक बळी घेतले. तेव्हा सरकारी दट्ट्या हवाच, पण बाटलीत नेमके काय भरले आहे, हे तपासण्यासाठी. मिथेनॉलचा हिशेब कारखान्यापासून गुत्त्यापर्यंत लागला पाहिजे, आणि लेबल मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत हवे. नर्सचा हात आणि आजीचे आसव यांच्यामागे लागून यातले काहीच साधणार नाही.

वाचकहो, दिवाळीपुरती एक विनंती. सॅनिटायझर लावलेला हात पूर्ण सुकल्याशिवाय पणती पेटवू नका, मुलांच्या हाती फुलबाजी देऊ नका, आणि सेंटचा फवारा दिव्यापासून लांब मारा.